ऐंशीच्या वरचा माणूस पाहिजे!

आमच्या घराण्यात आजवर कुणी कुठलीही शर्यत जिंकलेली नाही. पण शर्यतीतून थेट मैताच्या घरी जाऊन बसलेली माणसं मात्र आमच्याकडे आहेत, आणि त्यांना तिथे घेऊन जाणारा मी!

गोष्ट ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराची. मी तेव्हा वर्ध्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आई गेली, आणि आमच्या घराचा आवाजच बंद पडला. नाना, म्हणजे माझे वडील, कापसाच्या जिनिंगमध्ये हेडक्लार्की करून निवृत्त झालेले. आई होती तोवर दोघांचं दिवसभर चालायचं. ती स्वयंपाकघरातून हाक मारणार, हे ओसरीवरून उलटं उत्तर देणार, मग ती त्याच्याहून उलटं. ती गेली आणि नाना गप्प झाले. रडले नाहीत, चिडले नाहीत. 'हो', 'नाई' आणि 'असू दे' एवढ्यात त्यांचा अख्खा दिवस भागायचा. भाजीत मीठ नसलं तरी 'असू दे'. (माझ्या बायकोनं, सुनंदानं, एकदा मुद्दाम मूठभर मीठ घालून पाहिलं. नाना जेवले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "असू दे." त्या दिवशी ती न्हाणीत जाऊन रडली.) नानांना त्रास होईल म्हणून आम्हीही आईचं नाव काढेनासे झालो. शेजारी दोनदा विचारून गेले, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का!

अशा घरात एका संध्याकाळी आमचे भाऊजी शिरले. भाऊजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, पुरुषोत्तमराव. त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. एक उघडी जीप होती, जीपवर भोंगा होता आणि भोंग्याची गरज पडू नये असा आवाज देवानं त्यांना दिला होता.

"मास्तर, नाव देऊन आलो आपलं!"

"कशात?"

"शर्यतीत! येत्या रविवारी. खेड्यापाड्यांत जायचं, ते सांगतील त्या वस्तू शोधायच्या अन् दिवस बुडाच्या आत घेऊन यायच्या. पयला नंबर आला त मिक्सर!"

मिक्सर म्हटल्याबरोबर सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"पण आपली टीम कुठाय?" मी विचारलं.

"मी, तू, वहिनी अन् नाना! टीममधी एक म्हातारा पाहिजेच असा नियम हाय. आपल्याजवळ नाना हायेत!"

हे त्यांनी नानांच्या समोर, नानांकडे बोट दाखवून सांगितलं. मी मान खाली घातली. नाना भिंतीकडे पाहत म्हणाले, "असू दे."

भाऊजी जाताना मला दारापाशी घेऊन गेले आणि त्यांच्या मानानं अगदी हळू आवाजात (म्हणजे फक्त आमच्या आळीला ऐकू जाईल इतक्या) म्हणाले, "तुह्या बहिणीनंच सांगतलं. नानाले बाहेर काढा म्हने. घरात बसून बसून भिंतीले पाठ चिकटून राह्यली त्यायची. मिक्सर गेला खड्ड्यात!"

सुनंदानं ते शेवटचं वाक्य ऐकलं नाही, हे बरं झालं.

रविवार उजाडला तोच मेल्या चेहऱ्यानं. पौषातलं आभाळ, राखेसारखं. कपाशी वेचणीला आलेली आणि वरून पावसाची भीती, त्यामुळे रस्त्यात दिसेल तो माणूस आभाळाकडे बघून शिव्या देत होता. मैदानावर आठ-दहा जीपा, पाच-सहा स्कुटरा आणि एक बैलबंडी असा सरंजाम जमला होता. शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. मुलाकडे पुण्याला जाऊन आले होते आणि तिथून ही कल्पना घेऊन आले होते. त्यांनी माइकवरून वस्तू वाचल्या. जात्याचा खुंटा. बैलाच्या गळ्यातली घंटा. कोंबडा. आणि शेवटची वस्तू, ऐंशीच्या वरचा माणूस.

"जिवंत!" वकीलसाहेबांनी घसा खाकरून खुलासा केला.

लोक हसले. (आमचे नाना सत्तरीचेच, त्यामुळे इथे उपयोगाचे नव्हते.) सुनंदा माझ्या कानाला लागली.

"अहो, रोहण्याले माह्या मामाचे सासरे हायेत. पंच्याऐंशीचे! अजून दातानं ऊस सोलतात. त्यायलेच उचलू!"

झालं! बाकीच्या गाड्या सेवाग्रामच्या रस्त्यानं पळाल्या आणि आम्ही आर्वीच्या. भाऊजी चालवायला, शेजारी मी मांडीवर नकाशा घेऊन, मागे सुनंदा आणि कानटोपी घातलेले नाना.

सुरुवात झकास झाली. पहिल्याच गावात एका बाईनं जात्याचा खुंटा काढून दिला. "न्या, पीठ आता गिरणीतूनच आनतो आमी," म्हणाली. घंटेपाशी गाडी जरा अडली. बैलवाल्यानं सांगितलं, "घंटी देतो. पण घंटीबिगर थो बैल चालत नाई. बैलबी न्या मंग!" भाऊजींनी कपाशीच्या बियाण्याची पिशवी पुढे केली तेव्हा बैलाचा स्वभाव एकदम बदलला. कोंबडा मात्र धावून पकडावा लागला. भाऊजी एकशे दहा किलोचे. कोंबडा चपळ. शेवटी तो धावून थकला नाही, भाऊजी शेणाच्या ढिगात पडलेले पाहून कुतूहलानं जवळ आला आणि सुनंदानं झडप घातली. मी वळून नानांकडे पाहिलं. अशा प्रसंगी माणूस हसतो. नाना त्या ढिगाकडे असे बघत होते, जसं काही एसटीचं वेळापत्रक बघताहेत.

आता फक्त रोहणा उरलं होतं आणि दुपार नुकतीच कलली होती. मिक्सर जवळजवळ आमच्या ओट्यावर येऊन बसला होता. तेवढ्यात मी तोंड उघडलं.

"भाऊजी, डावीकडे घ्या. पांदण आहे. अर्ध्या वेळात पोचू."

"अहो, माह्यं माहेर हाय इकडे," सुनंदा म्हणाली. "पांदण-बिंदण काई नाई. सडकेनंच जा ना!"

"नकाशा खोटं बोलत नाही," मी म्हणालो. वर्गात म्हणतो त्याच सुरात.

नकाशा खरोखरच खोटं बोलला नाही. मी शेतातली वाट समजलो ती रेघ नाल्याची होती, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. फक्त अक्षर बारीक होतं! थोड्या वेळानं जीप काळ्या चिखलात चाकाच्या कंबरेपर्यंत रुतली. आम्ही ढकलली. सुनंदानं एका काखेत कोंबडा धरून ढकलली. नाना न सांगता उतरले, त्यांनीही खांदा लावला, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलं.

"नाना, तुम्ही बसा ना," मी म्हणालो.

"असू दे."

अशा वेळी घरातल्या माणसांनी शिव्या दिल्या तरी बरं वाटतं. गप्प बसली की फार लागतं. आभाळ आणखी खाली आलं होतं. जीप निघाली तेव्हा नाल्याच्या पलीकडे एक गाव दिसलं, आणि गावाबाहेर कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलेला एक माणूस.

"दादा, रोहणा हेच का?" मी विचारलं.

"रोहणा? थे त मांगंच राह्यलं!"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. भाऊजींनी मात्र धीर सोडला नाही.

"जाऊ दे रोहणा! दादा, तुमच्या गावात ऐंशीच्या वरचं कोनी हाय का?"

त्या माणसानं आमच्याकडे पाहिलं. चिखलानं भरलेली माणसं, उतरलेले चेहरे, मागे धोतरातले वृद्ध गृहस्थ. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"आबाजी न? आबाजीसाठी आले का तुमी?"

"हो हो, आबाजी!" भाऊजी ओरडले. "वय किती त्यायचं?"

"ब्याऐंशी पुरे झाल्ते. थ्या लिंबाच्या झाडापाशी जा. समदे बसेलच हायेत."

'झाल्ते' हा भूतकाळ माझ्या ध्यानात यायला पाहिजे होता. पण मी भूगोलाचा मास्तर, व्याकरणाचा नव्हे!

लिंबाच्या झाडापाशी पोचलो. भाऊजी म्हणाले, "मी गाडी चालूच ठेवतो. बंद केली त ढकला लागन. तुमी आबाजीले घेऊन या, लवकर!" उघड्या जीपमध्ये कोंबडा राहीना म्हणून सुनंदानं त्याला शालीखाली घेतलं. पुढे मी, मागे ती, तिच्या मागे नाना. अंगणात ताडपत्रीवर पंधरा-वीस माणसं बसली होती. गावची बैठक असेल असं मला वाटलं. मी हात जोडले आणि शर्यतीतल्या माणसाला शोभेल अशा उत्साहानं म्हणालो,

"राम राम मंडळी! आबाजी तयार आहेत ना? आम्ही त्यांना न्यायला आलोय!"

बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग घरातून बायकांचा असा हंबरडा उठला की माझे जोडलेले हात तसेच राहिले.

एक पागोटेवाले गृहस्थ उठले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमाले उशीर झाला बाप्पा. काल दुपारीच नेलं. तुमची लय वाट पाह्यली. वर्ध्याचेच न तुमी?"

"वर्ध्याचेच," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"बसा."

मी बसलो. नाना बसले. सुनंदाला एका बाईनं हाताला धरून आत ओढलं आणि गळ्यात पडून रडू लागली. मग दुसरी पडली. मग तिसरी. शालीखालचा कोंबडा चेंगरला आणि त्यानं 'क्रर्रक्' असा घुसमटलेला आवाज काढला. बायका आणखी कळवळल्या.

"किती जीव होता वं पोरीचा आबाजीवर!" कुणीतरी म्हणालं. "पाह्य कसा गळा दाटून आला तिचा!"

इकडे माझ्या शेजारच्या माणसानं विचारलं, "तुमी आबाजीचे कोन?"

"मी... लांबचा," मी म्हणालो. (हे खोटं नव्हतं. आम्ही फारच लांबून आलो होतो.)

"डोयाले डोया भिडवून पाहून राह्यलते काल सकायपर्यंत," तो सांगू लागला. मी मान हलवत राहिलो. शेजारच्या घरून काळा चहा आला. मैताच्या घरी चूल कशी पेटणार? शर्यत, मिक्सर, वकीलसाहेब, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. आपण एका परक्या माणसाच्या दुःखात चोरून शिरलो आहोत आणि बाहेर पडायची वाट आपल्याला ठाऊक नाही, एवढंच कळत होतं. मी नानांच्या गुडघ्याला हात लावला. "नाना, उठू या का?"

नाना उठले नाहीत. ते दाराकडे पाहत होते. दारात भिंतीला टेकून आबाजींची म्हातारी बसली होती. वाळक्या काडीसारखी, कोरड्या डोळ्यांची. तिच्याभोवती सगळे रडत होते आणि ती नुसती अंगणाकडे पाहत होती.

आणि नेमक्या त्या घटकेला बाहेर भोंगा सुरू झाला!

आम्ही येईना म्हणून भाऊजींचा धीर सुटला होता. त्यांनी माइक तोंडाशी धरला, आणि बियाणं विकताना लागतो तो आवाज लावला:

"आबाजी! आबाजींना विनंती आहे, त्यांनी ताबडतोब जीपमध्ये येऊन बसावं! वेळ फार कमी आहे! आबाजी, घाबरू नका, संध्याकाळी घरी परत आणून सोडू!"

रडणं थांबलं. सगळं थांबलं. तेवढ्यात सुनंदाच्या शालीतून कोंबडा निसटला, माणसांच्या डोक्यांवरून फडफडत उडाला आणि ओसरीच्या छपरावरच्या कवेलूंवर बसून खणखणीत आरवला.

आबाजींचा मुलगा उठला. डोकं भादरलेला, रुंद छातीचा. हळूच उठला, हे फार वाईट. "कोन हा तुमी?" त्यानं विचारलं. "काऊन आले इथं?"

मी तोंड उघडलं, आवाज आला नाही. माझ्या शेजारून आला.

"बाप्पा, चूक आमची हाय," नाना उभे राहून हात जोडून म्हणाले. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज ऐकताना मला तो क्षणभर ओळखूच आला नाही. "आमी तुमचे कोनी नाई. माह्यी घरची गेली पावसाच्या तोंडावर. मी बोलत नाई मनून हे पोरं मले खेळाले घेऊन आले. खेळात म्हातारा मानूस शोधाचा होता. तुमच्या घरी काय झालं हे यायले माईत नव्हतं. माह्यं पोरगं भूगोल शिकवते. त्याले रस्ता सापडत नाई."

कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मुलगा तसाच उभा. मग दारातून म्हातारीचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"बसा भाऊ. काय झाल्तं तिले?"

नाना दारापाशी जाऊन खाली बसले. चिखलाच्या धोतरानिशी, परक्याच्या उंबऱ्यापाशी. आणि बोलायला लागले. ताप कसा आला, कसा उतरला असं वाटलं, मग कशी गेली. आम्हाला घरात सगळं माहीत होतं, पण नानांच्या तोंडून आम्ही ते कधीच ऐकलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

"समदे मनतात, बोलत काऊन नाई," नाना म्हणाले. "दिवसभर हाक मारे थे मले. काई काम नसे. नुसती हाक. आता हाक मारनारंच गेलं, त मी ओ कोनाले देऊ?"

म्हातारीनं अंगणावरची नजर काढून नानांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आमचं बुढं त जाता जाता बी मले म्हने, भाकर करपली तुह्यी." आणि तिचं तोंड वाकडं झालं. हसू होतं की रडू, ते तिलाही ठाऊक नसावं. "खरंच करपली होती भाऊ," ती म्हणाली, आणि मग रडली. नाना तिच्या समोर बसून रडले. लहान मुलासारखे, खांदे हलवून. मी उठायला लागलो तर सुनंदानं माझा सदरा मागून धरून ठेवला. मुलगा खाली बसला आणि त्यानं डोक्याला हात लावला. भाऊजी तोवर आत येऊन दाराशी उभे होते. माइक हातातच होता, वायर तुटून लोंबत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं.

निघालो तेव्हा दिवस बुडाला होता. (मिक्सर सेवाग्रामच्या रस्त्यानं गेलेल्या एका डॉक्टरांना मिळाला, हे दुसऱ्या दिवशी कळलं. सुनंदा पुढे कितीतरी वर्षं चटणी पाट्यावरच वाटत राहिली, आणि वाटताना माझ्याकडे बघत राहिली.) कोंबडा उतरला नाही; त्याला तिथेच ठेवला. मैताच्या घरून निघताना 'येतो' म्हणू नये, म्हणून आम्ही काहीच न बोलता उठलो. पण भाऊजी पडले दुकानदार! सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलंच, "बराय, पुन्हा सेवेची संधी द्या!" आम्ही त्यांना अक्षरशः ढकलत जीपमध्ये नेलं. आणि जीप बंद पडलेली होती, म्हणून मग जीपही ढकलली. ढकलायला आबाजींचा मुलगा आणि निम्मं अंगण आलं.

सडकेला लागलो. गार वारा सुटला होता. मागच्या सीटवर नाना नाक ओढत बसले होते. मग अचानक नाना म्हणाले,

"नाल्याले पांदण मनते! मास्तर हाय का कोन हाय?"

मी नकाशाची घडी घातली.

"लहानपनापासून असंच हाय याचं. याची माय मने, याले दुकानात धाडा त थो देवळात पोचते. जावईबापू, तुमाले सांगतो, हा पाच वर्साचा होता तवाची गोष्ट..."

आणि नाना सुरू झाले. मी गाईच्या गोठ्यात कसा झोपलो आणि गाव मला विहिरीत कसं शोधत राहिलं. चौथीच्या परीक्षेला मी पाचवीच्या वर्गात जाऊन कसा बसलो. मध्येच आईचं नाव येई, मध्येच थांबत, डोळे पुसत, पुन्हा मला शिव्या. सुनंदा हसत होती आणि पदरानं डोळे टिपत होती. भाऊजींची मान हसून हसून स्टिअरिंगवर पडत होती. वर्ध्याचे दिवे दिसू लागले.

"भाऊजी, जरा हळू चालवा," मी म्हणालो.

"काऊन? भेव वाटते का? आता त सडक हाय!"

"तसं नाही," मी म्हणालो. "नाना अजून माझ्या मॅट्रिकपर्यंतच पोचलेत. नोकरी आणि लग्न बाकी आहे!"